लोकलमॉडकॉन्फिग: कर्नल लवकर बांधून होतो, पण आधी सगळी उपकरणं जोडून घ्या

उबंटू किंवा डेबियनची तयार कॉन्फिग (काय बांधायचं ते सांगणारी फाइल) घेऊन कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करायला बसलात, तर हजारो मॉड्यूल (उपकरणं, फाइलसिस्टम वगैरे हाताळणारे कर्नलचे सुटे भाग) बांधली जातात. एका लॅपटॉपला त्यातली शे-दोनशे पुरतात. बाकीची छाटून टाकणारं ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ 2.6.32 पासून कर्नलच्या सोर्समध्येच आहे. तासांचं काम मिनिटांवर आणणारी याच्याइतकी सोपी सोय दुसरी नाही.

ते ‘एलएसमॉड’ या कमांडची यादी वाचतं. त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल ठेवतं, उरलेली बंद करतं. सगळी गोम इथेच आहे. पेन ड्राइव्ह लावलेला नसेल, तर नव्या कर्नलवर ‘अननोन फाइलसिस्टम टाइप एक्सफॅट’ असा निरोप येतो. डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) बंद असेल तर त्याला लागणारी ओव्हरले आणि ब्रिज मॉड्यूल गायब, व्हीपीएन बंद असेल तर वायरगार्ड. म्हणून आधी प्रिंटर, वेबकॅम, ब्लूटूथ हेडफोन, मोबाइलचं टेदरिंग एकेक करून वापरा. उपकरण काढलं तरी मॉड्यूल सहसा रीबूटपर्यंत लोडच राहतं, त्यामुळे सगळं एकाच वेळी जोडून ठेवायची गरज नाही. फाइलसिस्टमचा अख्खा फोल्डर वाचवायचा असेल तर ‘एलएमसी_कीप’ या व्हेरिएबलमध्ये ‘एफएस’ द्या.

चालू कर्नलची कॉन्फिग ‘/बूट’मधून ‘.कॉन्फिग’ नावाने आणा, मग छाटणी करा. उबंटूच्या कॉन्फिगने बिल्ड ‘कॅनॉनिकल-सर्ट्‌स.पेम’ ही सर्टिफिकेटची फाइल सापडत नाही म्हणून थांबतो. कॉन्फिगमधल्या ‘सिस्टम_ट्रस्टेड_कीज’ आणि ‘सिस्टम_रिव्होकेशन_कीज’ दोन्ही रिकाम्या करा. डीबग माहितीही बंद करा, नाहीतर डिस्कवरची जागा भराभर संपते. ‘लोकलव्हर्जन’ला स्वतःची शेपटी जोडा, म्हणजे त्याच आवृत्तीच्या आधीच्या बिल्डची मॉड्यूल ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये पुसली जाणार नाहीत.

बांधायला ‘मेक बिनडेब-पीकेजी’ घ्या, ते कर्नलची डेब पॅकेज बनवतं. नुसत्या ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ आणि ‘मेक इन्स्टॉल’नेही काम होतं, पण नंतर फायली हाताने शोधून काढाव्या लागतात. डेब पॅकेज बसवताना इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टम) आणि ग्रब या बूटलोडरची यादी आपोआप तयार होते, आणि काढायला एक ‘अ‍ॅप्ट’ पुरतं.

एकाच ओळखीच्या मशीनसाठी हे उत्तम. तोच कर्नल दुसऱ्या मशीनवर न्यायचा असेल तर नको, तिथलं डिस्क कंट्रोलर वेगळं निघालं तर रूट फाइलसिस्टमच माउंट होणार नाही. सिक्युअर बूट (फक्त साइन केलेलंच बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर हा कर्नल स्वतःच्या मॉक (मशीन ओनर की) किल्लीने साइन करावा लागतो. ‘बॅड शिम सिग्नेचर’ दिसलं तर कारण तेच.