एका ओढीचे साडेतीनशे

मी शिवणकाम करते. सांगलीत विश्रामबागला घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी आहेत. गिऱ्हाईक दारात आलं की आधी दर सांगायचा, मग माप घ्यायचं, ही माझी बावीस वर्षांची पद्धत. अस्तराच्या साध्या ब्लाऊजचे साडेतीनशे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मागच्या लग्नसराईत एका संध्याकाळी खाली पडलेलं रीळ उचलायला वाकले आणि कंबर तिथंच धरली. उठता येईना, बसता येईना. लेकीने आणि मिस्टरांनी दोन्हीकडून धरून कॉटवर नेऊन टाकलं. चमक भरली असेल म्हणून दोन दिवस बाम चोळला, विटेचा शेक घेतला. तिसऱ्या दिवशी डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ उतरायला लागली. खोकला आला तरी पायात वीज जायची.

मग सुरू झाले ते सगळ्यांच्या घरी होतात तेच उपाय. सासूबाईंनी गल्लीतला एक पायाळू मुलगा धरून आणला. पायाळूची लाथ लागली की उसण जाते म्हणतात. सातवीतलं पोर, ते बिचारं लाजून मरायला आलं होतं. त्याने कमरेला तीनदा हळूच पाय लावला, दोन पेढे घेतले आणि पळालं. उसण काही गेली नाही. पण सगळा हिशेब मांडते तेव्हा वाटतं, त्या महिन्यात सर्वांत प्रामाणिक दर त्याचाच होता. नंतर नऊशे रुपयांचा पट्टा आला, नारायण तेल आलं, कॉटवरची गादी निघून सतरंजी आली.

शेवटी मिरजेला गेलो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून माणसं तिथं उपचाराला येतात. आम्हाला तर रिक्षाने जेमतेम वीस मिनिटं. एमआरआय काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी बाहेर आलीय, नसेला लागतेय. ऑपरेशनची गरज नाही. गोळ्या आठ दिवस, फिजिओथेरपी, आणि सहा आठवडे धीर धरा." तीन मिनिटांत आम्ही बाहेर.

खरं सांगते, मला राग आला होता. रात्र-रात्र झोप नाही, ३२ ब्लाऊज शिवायचे पडलेत, बायका फोन करकरून जीव खातायत, आणि हा माणूस मला धीर धर म्हणतो. फसवणाऱ्याला हाच राग लागतो, हे आता कळतंय.

खाली मेडिकलच्या रांगेत उभी होते, एक हात कमरेवर. शेजारी चाळिशीतली एक बाई. स्वच्छ कॉटन साडी, हातात औषधाची पिशवी. मी माणसाची पारख ब्लाऊजच्या बाहीवरून करते. हिच्या बाहीचा मुंढा अगदी बरोबर बसला होता, कुठे चुणी नाही, पायपिन सरळ. चांगल्या घरची असणार, असं मी मनात धरून टाकलं. ती म्हणाली, "ताई, कमरेचं का हो? पायात उतरतंय?" मी हो म्हटलं. "अगदी असंच माझ्या सासूबाईंचं. ऑपरेशनची तारीखसुद्धा मिळाली होती. एका वैद्यजींनी एका दिवसात उठवून बसवलं बघा. फी घेत नाहीत हो ते, सेवा करतात." नंबर मी मागितला नाही, आणि तिनेही लगेच दिला नाही. ती जायला निघाली, दोन पावलं गेली, मग परत वळून म्हणाली, "द्यायचा का नंबर?" ते वळणं फार सुरेख जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला दोघं घरी आले. एक साठीचा, पांढरा सदरा-पायजमा, कपाळाला गंध. दुसरा पंचविशीचा, त्याच्याकडे बॅग आणि वही. मिस्टर कामावर, लेक कॉलेजला, घरात मी आणि सासूबाई. वैद्यजींनी चहा घेतला नाही, पाणी तेवढं घेतलं. आणि मग पाऊण तास माझं ऐकून घेतलं. पाऊण तास! कधी दुखायला लागलं, मशीन किती तास चालवता, माहेर कुठलं, झोप कशी लागते. मिरजेच्या तीन मिनिटांपुढे हा पाऊण तास मला देवासारखा वाटला. मग रिपोर्ट बघून म्हणाले, "मणक्यात गॅप पडलाय ताई. गॅपमध्ये वात आणि पू साचलाय. तो ओढून काढला की नस मोकळी. नाही काढला तर पाय जाईल."

मणक्यात गॅप. आपल्याकडे हा शब्द इतका रुळलाय की तो म्हणाल्यावर मला खात्रीच पटली. हे तर सगळेच म्हणतात!

खर्च विचारला. विचारला नाही असं नाही. पोरगा म्हणाला, "साडेतीनशे." मी मनात म्हटलं, एका ब्लाऊजची शिलाई. एवढ्यात पाय वाचत असेल तर काय हरकत आहे? साडेतीनशे कशाचे, हे विचारलं नाही.

मला जमिनीवर पालथं झोपवलं. कमरेला काहीतरी गार चोळलं, जागा बधिर झाल्यासारखी वाटली. मग ब्लेडने बारीक चिरा दिल्याचं कळलं, चिमटा काढावा तेवढंच. मग तांब्याची नळी लावून तो तोंडाने ओढायचा आणि ताटात थुंकायचा. ताट आमचंच, सासूबाईंनी स्वयंपाकघरातून आणून दिलेलं. दर ओढीला पोरगा वहीत एक रेघ मारायचा. मधूनमधून ताट माझ्या तोंडापुढे धरायचे. पिवळट, चिकट, लाल तार असलेलं काहीतरी. त्यावर तो कसलीशी पांढरी पूड टाकायचा आणि ते फसफसून घट्ट व्हायचं. "बघा, किती वर्षांचं आहे." सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या. मागे काय चाललंय हे मला एकदाही दिसलं नाही, दिसलं ते फक्त ताट.

तासाभराने मला बसवलं आणि वही पुढे केली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, अशा ३२ जुड्या आणि वर चार. १६४ ओढी. एका ओढीचे साडेतीनशे. झाले ५७,४००.

मला घाम फुटला. मी म्हटलं, तुम्ही तर फी घेत नाही. "फी नाही ताई, फी कुठे मागितली? हा औषधाचा आणि नळीचा खर्च." सासूबाई रडायला लागल्या. तेव्हा मघाचा गोड आवाज पार बदलला. तो म्हणाला, चिरांचं तोंड उघडं ठेवलंय, भस्म न लावता आम्ही गेलो तर राहिलेला पू मेंदूकडे चढेल, मग लकवा. पोरगा दारात जाऊन उभा राहिला. मग थोड्या वेळाने पुन्हा गोड: बहीण समजून ९,४०० सोडले, ४८,००० द्या. तांदळाच्या डब्यातले ११,००० रोख काढून दिले. बाकीचे ३७,००० मोबाईलवरून. त्याने क्यूआर कोड दाखवला, त्यावर नाव कुठल्यातरी बाईचं आलं. तेही मी वाचलं, आणि तरी पिन टाकला. माझ्या दराने हे १३७ ब्लाऊज होतात. नंतर रात्री मी तेच मोजत बसले होते.

जाताना त्यांनी ३० पुड्या दिल्या, "या मोफत." कागदाच्या पुड्या, त्यावर नाव नाही, बॅच नंबर नाही, काही नाही.

आणि आता लाजिरवाणी गोष्ट. मला बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं. पुडी सुरू केल्यावर तर दुसऱ्या दिवसापासून कळ अर्ध्यावर आली, भूक लागायला लागली, रात्री अकरापर्यंत मशीन चालवलं. मिस्टर आधी खूप बोलले, मग तेही गप्प बसले. मी दोन गिऱ्हाइकांना त्या वैद्यजींचं कौतुकसुद्धा सांगितलं. नशीब, त्यांनी नंबर घेतला नाही. दहा दिवसांत शेजारीण म्हणाली, तोंडावर तेज आलंय. ते तेज नव्हतं, सूज होती.

लेक बारावी सायन्सला. तिने अकराव्या दिवशी विषय काढला. "आई, एवढा पू असता तर तुला ताप नसता का आला? आणि कातडी, चरबी, स्नायू, हाड, या सगळ्यांच्या आत असलेली गादी. वरून चिमटाभर चिरलं तर तिथलं बाहेर येईल कसं?" मी तिच्यावर खेकसले. आतून मात्र मला ते पटलं होतं, म्हणूनच खेकसले.

बाराव्या दिवशी पुन्हा मिरज. डॉक्टरांनी पुडी बोटावर घेऊन बघितली, चेहरा बघितला, रक्त तपासायला लावलं. साखर २४८, जी आधी कधीच नव्हती. म्हणाले, असल्या पुड्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड कुटून मिसळलेलं असतं, सगळी लक्षणं तशीच दिसतायत. पुडी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, तेही अंगावर येतं, मी सांगतो तसं करा. या वेळी त्यांनी मला वेळ दिला. गादी सरकणं म्हणजे पू नव्हे. बाहेर आलेला भाग बहुतेकांच्या बाबतीत शरीर हळूहळू आपलं आपणच जिरवतं. चाळिशीपुढच्या, काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून जास्त जणांच्या मणक्यात झीज दिसते, म्हणून रिपोर्टातल्या शब्दांना घाबरायचं नाही. घाबरायचं कधी, तेही सांगितलं: मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी-शौचावरचा ताबा गेला, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना. हे पहिल्याच दिवशी मला कुणी समजावून सांगितलं असतं तर, असं वाटतं. पण ओपीडीबाहेर साठ माणसं बसलेली मीही बघितली होती.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी नीट ऐकलं, फक्त एवढंच म्हणाले, "ताई, सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन त्याच दिवशी करायचा होता." मोबाईलवरून गेलेले पैसे पहिल्या काही तासांत कळवले तर समोरचं खातं गोठवता येतं. आम्ही बारा दिवस पुड्या खात बसलो होतो, खातं कधीच रिकामं झालेलं. तक्रार लिहून घेतली, कलम ३१८. जुलै २०२४ पासून चारसोबीसचं ते झालंय म्हणे, म्हणजे शिवी तीच राहिली आणि कलम बदललं. नोंदणी नसताना वैद्यकी करणं हासुद्धा राज्यात गुन्हा आहे, १९६१ चा कायदा आहे त्यासाठी. तिथं बाकावर एक निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांचे गुडघे, एका थेंबाचा दर आणि तीच नळी. त्यांना भेटलेला माणूस बँकेच्या बाहेर होता आणि सासूबाईंच्या जागी त्याचे वडील होते.

माझी मावसबहीण बीएएमएस आहे. तिला सांगितलं तर ती माझ्यापेक्षा जास्त संतापली. रक्तमोक्षण आयुर्वेदात आहे, तुंबडी आहे, जळवा आहेत, पण कधी कुणाला करायचं याला शास्त्र आहे. थेंब मोजून बिल करणारा वैद्य असू शकत नाही, आणि नोंदणी क्रमांक विचारला तर खऱ्या वैद्याला राग येत नाही, असं ती म्हणाली. तेव्हा हे वाचून कुणी आयुर्वेदाला शिव्या घालू नका. मी क्रमांक विचारला नाही, दर कशाचा ते विचारलं नाही, आणि मिस्टर घरी नसताना दोन अनोळखी माणसांपुढे पालथी झोपले. दुखण्याने माणूस एवढं खुळावतं.

आता फिजिओथेरपीला जाते. पहिल्याच दिवशी मॅडमनी एका वेळचे तीनशे सांगितले, मला बरं वाटलं. त्यांनी कमरेला हात लावायच्या आधी माझ्या कामाची जागा मोबाईलवर बघितली. मी जमिनीवर बसून, वाकून कापड बेतायची, ते बंद करून कटिंग टेबलावर आणलं. मशीनचं स्टूल दोन बोटं उंच केलं. अर्ध्या तासाला उठायचं. पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायची, पाठीवर झोपून कंबर उचलायची, रोज चालायचं. पट्टा आता कपाटात आहे. दुखणं गेलेलं नाही, पण पायातली कळ गुडघ्याच्या वर आलीय, आणि ते चांगलं लक्षण आहे म्हणतात. दिवसाला आठऐवजी पाच ब्लाऊज होतात.

पैशाचं दुःख आता कमी झालंय. मागे उरलंय ते वेगळंच. डॉक्टरांनी त्या दिवशी शेवटी विचारलं होतं, "ब्लेड नवं होतं का?" गुरुजींना उघडलेलं पाकीट बघितल्याचं आठवत होतं. मला काहीच आठवेना, सासूबाईंचे डोळे मिटलेले. एचआयव्ही आणि रक्तातून पसरणाऱ्या बी, सी या दोन्ही काविळींची रक्ततपासणी तेव्हा केली, ती ठीक आली, पण इतक्या लवकर आलेल्या रिपोर्टवर विसंबता येत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करायची असते. येत्या २० तारखेला मिरजेला जायचंय.