रिपोर्टमध्ये 'एमएलएच१ लॉस' आलंय: जन्मापासूनचा बिघाड की नंतर बंद पडलेला जीन?

आत्याचं ऑपरेशन झालं, मोठ्या आतड्यातली गाठ काढली आणि काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आला. सगळ्यांचे डोळे स्टेज कुठली लिहिलीय ते शोधत होते, त्यामुळे खाली असलेली एक ओळ कुणी वाचलीच नाही, मीही नाही: एमएलएच१ आणि पीएमएस२ लॉस, एमएसएच२ आणि एमएसएच६ इन्टॅक्ट. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालाय का?" तेव्हा कळलं की ती ओळ आत्याबद्दल जेवढी आहे तेवढीच बाबांबद्दल, माझ्याबद्दल आणि तिच्या दोन्ही मुलांबद्दलही असू शकते.

तुमच्याकडे आत्ता असा रिपोर्ट असेल आणि पुढची टेस्ट गाठीच्या तुकड्यावर करायची की सरळ रक्ताची, यावर घरात खल चालू असेल तर तुमच्यासाठी लिहितेय.

आधी ती ओळ काय सांगते ते बघू. लॉस म्हणजे ते प्रोटीन गाठीत दिसत नाही, इन्टॅक्ट म्हणजे दिसतंय. पेशी वाढताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका होतातच, त्या पकडून दुरुस्त करायचं काम ही चार प्रोटीन्स जोडीजोडीनं करतात. एमएलएच१ची जोडी पीएमएस२शी, एमएसएच२ची एमएसएच६शी. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ एकटं टिकत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये दोन्ही गायब दिसतात, त्याचा अर्थ दोन वेगळे बिघाड असा नाही. दुरुस्ती थांबली की काय होतं याचं एक उदाहरण माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. टीजीएफबीआर२ नावाच्या जीनमध्ये एका जागी ओळीनं दहा 'ए' आहेत. एकच अक्षर दहा वेळा, नक्कल करताना घसरायला होतं आणि दहाचे नऊ होतात. एरवी ते लगेच दुरुस्त झालं असतं, पण दुरुस्त करणारं कुणी नाही म्हणून नऊच राहतात, तिथून पुढची सगळी अक्षरं एक घर सरकून वाचली जातात आणि 'आता वाढ थांबव' हा निरोप घेणारं प्रोटीन धड तयारच होत नाही. एका अक्षराची चूक, पण पेशीचा ब्रेक गेला. आतड्याच्या कॅन्सरच्या साधारण १५ टक्के गाठी या प्रकारच्या असतात. बाकीच्या बहुतेक एपीसी, केआरएएस, टीपी५३ असे जीन एकामागून एक बिघडत जाण्याच्या दुसऱ्या वाटेनं येतात, १९९० मध्ये फिअरन आणि व्होगेलस्टीन या संशोधकांनी मांडलेली ती वाट, तिच्यात आत्ता शिरत नाही.

आता मुद्दा असा की एमएलएच१ गायब व्हायला मुख्य कारणं दोन आणि रिपोर्टच्या त्या ओळीवरून ती वेगळी ओळखूच येत नाहीत.

पहिलं कारण जेनेटिक. आईकडून किंवा वडिलांकडून आलेल्या जीनमध्येच चूक आहे, शरीरातल्या प्रत्येक पेशीत आहे, आणि आतड्याच्या एखाद्या पेशीत दुसऱ्या पालकाकडून आलेली चांगली प्रतही गेली की दुरुस्ती बंद. हा लिंच सिंड्रोम, आतड्याच्या सगळ्या कॅन्सरमध्ये अंदाजे ३ टक्के.

दुसरं कारण एपिजेनेटिक. इथे जीनचं अक्षरन् अक्षर बरोबर आहे, पण जीन चालू करणाऱ्या भागावर, म्हणजे प्रमोटरवर, मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चिकटलेत (यालाच मिथायलेशन म्हणतात) आणि पेशी तो जीन वाचतच नाही. पान फाटलेलं नाही, डिंकानं चिकटवून टाकलंय. हे सहसा फक्त गाठीत असतं, पेशंटच्या बाकी शरीरात नसतं, त्यामुळे मुलांना जायचा प्रश्न येत नाही. वय जास्त, गाठ उजव्या बाजूला, पेशंट बाई, असं चित्र इथे जास्त दिसतं, आणि सुरुवात बऱ्याचदा सेरेटेड म्हणतात तसल्या चपट्या पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या उंचवट्यापासून, होते. १५ टक्क्यांतला मोठा वाटा याच प्रकाराचा आहे, म्हणून 'एमएलएच१ लॉस' वाचून लगेच आनुवंशिकच आहे असं धरून घाबरू नका.

उपचारांच्या बाजूनं दोघांत फरक फार थोडा आहे, हे मला आधी पटतच नव्हतं. दुरुस्ती बंद पडल्यामुळे गाठीत इतकी चुकीची प्रोटीन्स तयार होतात की शरीराच्या संरक्षण यंत्रणेला ती परकी वाटतात, आणि हे कारण कुठलंही असलं तरी तसंच घडतं, म्हणून इम्युनोथेरपी दोन्हीकडे चालते. पसरलेल्या कॅन्सरवर पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची केमोशी थेट तुलना झाली, कीनोट-१७७ ही ती ट्रायल, त्यात आजार पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ १६.५ महिने निघाला आणि केमोत ८.२. स्टेज २ मध्ये नुसत्या ५-एफयू या केमोच्या औषधाचा अशा पेशंटना फायदा दिसत नाही, तेही दोघांना सारखंच. तेव्हा पेशंटच्या औषधासाठी ही ओळ पुरते. घरच्यांसाठी पुरत नाही, आणि पुढची टेस्ट लागते ती तिथेच.

गाठीच्या तुकड्यावर दोन टेस्ट होतात. एक बी-रॅफ नावाच्या जीनमधलं व्ही६००ई हे म्युटेशन, म्हणजे ठरावीक बदल, बघायची. एमएलएच१ लॉस असलेल्या गाठीत ते सापडलं तर लिंच जवळजवळ नाहीच असं धरतात. पण नाही सापडलं तर काय? इथेच लोक फसतात, आम्हीही फसलो. आत्याचं बी-रॅफ निगेटिव्ह आलं आणि घरात दोन दिवस सगळे गप्प, म्हणजे आनुवंशिकच असं सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं. खरं म्हणजे मिथायलेशननं बंद पडलेल्या कितीतरी गाठींत बी-रॅफ नॉर्मलच असतं. त्यामुळे एमएलएच१ प्रमोटर मिथायलेशनची टेस्ट मला जास्त कामाची वाटते, ती सरळ त्या डिंकालाच शोधते. आत्याची पॉझिटिव्ह आली. वय ७१, गाठ उजवीकडे, घरात दुसऱ्या कुणाला असा कॅन्सर नाही, सगळं जुळलं.

रक्ताची टेस्ट जन्मजात बिघाड शोधते. एमएसएच२, एमएसएच६ किंवा नुसतं पीएमएस२ गायब असेल तर मिथायलेशन आणि बी-रॅफच्या नादी न लागता सरळ रक्ताकडे जावं, कारण तो बंद पडण्याचा प्रकार मुख्यतः एमएलएच१चा आहे. पेशंट तरुण असेल किंवा घरात दोन-तीन जणांना झाला असेल तर गाठीत मिथायलेशन सापडलं तरी रक्त तपासायचं की नाही हे जेनेटिक कौन्सेलरला विचाराच. क्वचित एखाद्याच्या रक्तातही तेच मिथायलेशन असतं, आणि क्वचित जन्मजात चूक एका प्रतीत नि मिथायलेशन दुसऱ्या प्रतीवर असंही घडतं. ही दोन खाती वाटतात तितकी वेगळी नाहीत. एमएसएच२च्या शेजारच्या एपकॅम जीनचं टोक तुटलेलं असेल तर एमएसएच२ धड असूनही मिथायलेशननं गप्प होतो, म्हणजे चूक जेनेटिक, परिणाम एपिजेनेटिक, आणि मुलांना जातो तो सगळाच प्रकार.

रक्तात चूक सापडली तर भावंडांना आणि मुलांना ती असायची शक्यता प्रत्येकी ५० टक्के. ज्यांच्यात आहे त्यांना चूक एमएलएच१ किंवा एमएसएच२मध्ये असेल तर साधारण पंचविशीपासून, एमएसएच६ किंवा पीएमएस२मध्ये असेल तर पस्तिशीपासून, दर एक-दोन वर्षांनी किंवा थोड्या जास्त अंतरानं कोलोनोस्कोपी सांगतात, बायकांना गर्भाशयाचीही काळजी घ्यावी लागते. कॅप२ ट्रायलमध्ये लिंच असलेल्यांनी रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतल्यावर आतड्याचा कॅन्सर कमी झाला, पण तो फरक दिसायला वर्षं लागली, आणि ती गोळी मनानं सुरू करायची नाही. हे वाचताना मला अमेरिकेतली ती शिवणकाम करणारी बाई आठवते, १८९५ मध्ये तिनं वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला सांगितलं होतं की आमच्या घरात सगळे कॅन्सरनंच जातात, मीही जाणार. ती गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेलीच. तिच्या घराण्यातली एमएसएच२ची चूक सापडायला शंभरावर वर्षं गेली.

मिथायलेशनच निघालं तर मुलांच्या रक्ताच्या टेस्टची सहसा गरज नाही. तरी सख्ख्या नात्यात कॅन्सर झालाय म्हणून कोलोनोस्कोपी इतरांपेक्षा लवकर सुरू करायला सांगतात, आत्याच्या मुलांना तसंच सांगितलंय.

रक्त आधी पेशंटचंच द्या, मुलांचं नाही. पेशंटमध्ये नेमकी चूक सापडली की बाकीच्यांची टेस्ट तेवढ्या एका जागेपुरती सोपी होते, आणि ती न सापडता मुलाचा रिपोर्ट नॉर्मल आला तर त्यावर विसंबता येत नाही. पेशंट हयात नसेल तरी गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, बऱ्याचदा लॅबमध्ये असतो, तो मागता येतो.