साडेपाचशेचा बॉल व्हॉल्व्ह आणि एकतीस हजारांची पाईपलाईन : अकरा महिन्यांनंतर

निकाल आधीच सांगून टाकते. गेल्या फेब्रुवारीत घरातले सगळे जुने जीआय पाईप, म्हणजे जस्ताचं आवरण असलेले लोखंडी, काढून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे, टाकले. टाइल्स, मजुरी आणि खालच्या काकूंच्या रंगकामासह 31,500 रुपये गेले. त्यात सगळ्यात उपयोगी निघाला तो साडेपाचशेचा पितळी बॉल व्हॉल्व्ह. बाकीच्यातलं काही आवडलं, काही नाही.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला, 1976ची. चार मजले, लिफ्ट नाही, सोळा बिऱ्हाडं. महापालिकेचं पाणी ठरल्या वेळी जमिनीखालच्या टाकीत येतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून डाउनटेक पाईपांनी घराघरांत उतरतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सासऱ्यांनी घर घेतलं तेव्हाचेच पाईप भिंतीत होते. सकाळचं पहिलं पाणी चहाच्या रंगाचं यायचं, ते बादलीत सोडून द्यायचं आणि मग तोंड धुवायचं, हे सून म्हणून मी पहिल्या आठवड्यातच शिकले होते. त्यात काही बिघडलंय असं घरात कुणालाच वाटत नव्हतं.

त्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रात्री पावणेबाराला बाथरूममधून फुस्स असा आवाज आला. बेसिनच्या मागचा एल्बो, म्हणजे पाईपाच्या वळणावरचा जोड, आट्यांपाशी फुटला होता आणि पाणी समोरच्या भिंतीवर आदळत होतं. नहाणीचा ट्रॅप आधीच रडतखडत चालायचा. पाच मिनिटांत पाणी उंबरठा ओलांडून पॅसेजमध्ये.

आता गंमत ऐका. घराचा मेन व्हॉल्व्ह संडासात, माळ्याच्या खाली. पितळी गेट व्हॉल्व्ह, लाल चक्राचा. नवरा स्टुलावर चढला आणि चक्र फिरवायला लागला. ते फिरलं, छान फिरलं, फिरतच राहिलं. आतल्या दांड्याचे आटे कधीच गेले होते, पाणी अडवणारी आतली पट्टी, म्हणजे गेट, जागचं हलत नव्हतं. चाळीस वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता आणि ज्या दिवशी लावला त्या दिवशी त्याने हात वर केले.

मग गच्ची. किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी लग्नाला नाशिकला. दुसरी किल्ली खजिनदार काकांकडे आहे हे कळेपर्यंत बारा वीस झाले. गच्चीवर टाकीच्या बुडाशी सहा व्हॉल्व्ह, एकावरही खूण नाही. नवरा वरून फोनवर विचारतोय, "बंद झालं?" मी गुडघाभर बादल्यांमध्ये उभी राहून ओरडतेय, "नाही!" तिसरा व्हॉल्व्ह बंद केल्यावर समोरच्या फ्लॅटमधून विचारणा झाली की आमचं पाणी का गेलं. पाचवा जाम. सहावा आमचा निघाला. एकूण पन्नास मिनिटं.

पन्नास मिनिटांत आणखी हाहाकार व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण पाईप आतून गंजाने इतका भरला होता की पाणी येऊन येऊन येणार किती! ज्या गंजाने फोडलं त्यानेच थोडं वाचवलंही. तरी खालच्या काकूंच्या पॅसेजच्या माळ्यावर पाणी झिरपलंच. तिथे त्यांच्या सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या होत्या. काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी रात्री दीड वाजता त्या गोधड्या जिन्याच्या कठड्यावर ओळीने वाळत घातल्या, आणि रविवारी अख्खी बिल्डिंग त्यांच्याजवळून खाली-वर करत होती. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्रीचा तात्पुरता इलाज म्हणून काय काय केलं, तेही सांगते, कारण दुकानात हे सगळं "इमर्जन्सीला ठेवा" म्हणून विकतात. पोस्टाच्या पेट्यांवर चिकटवलेल्या नंबरावरून एक प्लंबर बोलावला. तो एक वाजता आला, दोन वड्या एकत्र मळून लावायची एपॉक्सी पुट्टी ओल्या पाईपावर थापली, 2,800 रुपये घेतले आणि गेला. पाणी सुरू केल्यावर सहा तासांत पुट्टीखालून थेंब सुरू. पुट्टीचा दोष नाही. पाईप कोरडा करून, गंज खरवडून लावली आणि सुकायला वेळ दिला तर ती धरते; त्या रात्री यातलं काहीच झालं नव्हतं. मी धावत जाऊन आणलेला रबरी अस्तराचा, दोन बोल्टचा क्लॅम्प 180 रुपयांचा. तो सरळ पाईपावर बसतो. एल्बोच्या तोंडाशी तो बसायला जागाच नाही, हे घरी आल्यावर कळलं. तो ड्रॉवरमध्ये गेला.

शेवटी खजिनदार काका स्कूटरची जुनी ट्यूब घेऊन आले. तिची दोन बोटं रुंद पट्टी कापली, ओढून ओढून गुंडाळली, वरून बाइंडिंग वायर आवळली. सोमवारपर्यंत दिवसाला अर्धी बादली गळत होतं, एवढंच. फुकट.

सोमवारी नाक्यावरचा आमचा नेहमीचा प्लंबर आला. ओडिशातल्या केंद्रापाड्याचा आहे. त्या भागातले प्लंबर देशभर कामाला असतात. बावीस वर्षं मुलुंडात असल्यामुळे त्याचं मराठी माझ्या मुलीपेक्षा बरं आहे. त्याने फुटलेला तुकडा कापून माझ्या हातात दिला. अर्ध्या इंची पाईप, आत तपकिरी फोडांसारखा गंज, मधल्या भोकातून मुलीची पेन्सिल जेमतेम जात होती.

"ताई, पाईप नेहमी आट्यालाच जातो," तो म्हणाला. का, ते त्याने दाखवलं आणि मला ते पहिल्यांदाच कळलं. अर्ध्या इंची मध्यम जाडीच्या जीआय पाईपाची भिंत 2.6 मिलिमीटर असते. आटे पाडले की त्यातलं मिलिमीटरभर कापलं जातं, शिवाय तिथलं जस्ताचं आवरण निघून उघडं लोखंड राहतं. वरून त्याला पितळेचा कॉक जोडला की दोन धातूंच्या जोडीत लोखंड आधी झिजतं. बाथरूममध्ये लादीखालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा कायम ओला, म्हणजे पाईपाला बाहेरूनही सुटका नाही. त्यात उन्हाळ्यात पाणीकपात असली की आमची सोसायटी वरचे व्हॉल्व्ह वेळेपुरतेच उघडते. पाईप रिकामे होतात, हवा शिरते, परत पाणी येतं. लोखंडाला गंजायला आणखी काय हवं?

परत जीआय घालायचं की नाही, यावर घरात दोन दिवस वाद. सासऱ्यांचं मत: "सी क्लास घाला, लाल पट्टीवाला, पन्नास वर्षं बघायला नको." भरभक्कम जीआयवर लाल पट्टी असते, मध्यमवर निळी, हलक्यावर पिवळी, हे त्यांना पाठ आहे. पण नव्या जीआयला आटे पाडावेच लागतात, आणि तेच दुखणं. आम्ही सीपीव्हीसी घेतला, आयएस 15778 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला, फिकट पिवळसर. गरम पाण्यालाही चालतो. साधा पीव्हीसी गिझरच्या लाईनला चालत नाही, हे दुकानदाराला विचारायच्या आधी स्वतःला माहीत असू द्या.

दुसरा निर्णय: भिंतीत झिरी मारून पाईप गाडायचे नाहीत, उघडेच ठेवायचे. प्लंबरला हे आवडलं नाही, नणंदेला तर अजिबात नाही. पण 1976च्या फिकट हिरव्या टाइल्स आता मिळतात कुठे? आणि गळती झाली तर पुन्हा भिंत फोडून शोधायचं कुणी? तीन दिवसांत काम झालं. सोल्व्हंटने जोड चिकटवल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी सोडू दिलं नाही त्याने, आणि ते बरंच केलं. घाई करणारा प्लंबर असेल तर तुम्ही घाई करू नका.

आता अकरा महिन्यांचा अनुभव. पहिल्याच सकाळी पाणी स्वच्छ आलं. सासरे बादलीकडे बघत उभे राहिले आणि सवयीने पहिली बादली ओतून दिली. शॉवरला धार आली. टाकी आमच्या नळांच्या जेमतेम आठ-नऊ मीटर वर आहे, म्हणजे दाब एका बारपेक्षा कमीच. इतकी वर्षं आम्ही टाकीला दोष देत होतो आणि चोंदला होता पाईप.

याची किंमतही मोजली. पाणी जोरात यायला लागल्यावर जुन्या वस्तू एकेक करून हात टेकू लागल्या. एप्रिलमध्ये फ्लशच्या टाकीचा फ्लोट, मेमध्ये किचनच्या नळाचा वॉशर. जिथे सीपीव्हीसी संपून धातूचा कॉक लागतो तिथे पितळी आट्यांचे तुकडे बसवलेत; त्यातला एक दुसऱ्याच महिन्यात पाझरू लागला, कारण पान्याने गरजेपेक्षा जास्त आवळला होता. तो बदलायला 250 रुपये आणि दहा मिनिटं. उघडा होता म्हणून दिसला. भिंतीत असता तर काकूंच्या गोधड्यांनाच आधी कळलं असतं.

गरम पाण्याची लाईन दिसायला वाईट आहे. सीपीव्हीसी तापला की लांबतो, तीन मीटरच्या पाईपात साधारण 6-7 मिलिमीटर. क्लिपा लांब लांब मारल्यामुळे आमचा पाईप आंघोळीच्या वेळी मधे कमान धरतो आणि नंतर सरळ होतो. पाहुणे बघतात. प्लंबरने मधे दोन क्लिपा वाढवून दिल्या, कमान कमी झाली, गेली नाही. गिझरजवळचा पहिला तुकडा त्याने मुद्दाम धातूच्या जाळीचा लवचिक ठेवलाय, तिथे काही त्रास नाही. पाईपांवर साबणाचा थर बसतो, तो दर आठवड्याला पुसावा लागतो, आणि हे काम कुणाचं यावर अजून एकमत नाही.

नळांच्या जाळ्या मात्र दर तीन आठवड्यांनी काढून झटकाव्या लागतात. आमच्या घरात गंज उरला नाही, पण डाउनटेक सोसायटीचा आहे आणि तो 1976चाच. म्हणजे नवीन पाईपातून जुनाच गंज येतो, फक्त कमी.

यावर मी सप्टेंबरच्या वार्षिक सभेत बोलले. बाहेरची पाईपलाईन सोसायटीची जबाबदारी, घरातली सदस्याची, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. दुमत झालं ते "आता कशाला?" यावर. इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. मी लग्न होऊन आले तेव्हाही जाणार होती. या एका वाक्याने आमच्या इमारतीत बीडाच्या सांडपाण्याच्या पाईपांच्या जोडांत पिंपळ वाढलेत, जिन्याचा रंग गेलाय आणि माझा ठराव पुढच्या सभेवर गेलाय. उपनगरातल्या जुन्या इमारती पाईपांच्या वयामुळे जेवढ्या गळतात, तेवढ्याच या वाट बघण्यामुळेही गळतात, असं माझं मत झालंय. एकच गोष्ट पदरात पडली: गच्चीवरच्या सहाही व्हॉल्व्हना रंगाचे पट्टे आणि फ्लॅटचे नंबर, जाम झालेला पाचवा बदलला, आणि किल्ली आता वॉचमनकडेही असते.

आणि तो साडेपाचशेचा बॉल व्हॉल्व्ह. पाव वळण दिलं की बंद, दांडी आडवी म्हणजे बंद हे अंधारातही हाताला कळतं. माळ्याखालून काढून बाथरूमच्या दाराशेजारी, मुलीच्या हाताला येईल असा लावून घेतला. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती तो एकदा बंद-चालू करते. त्याबद्दल तक्रार एकच: आंघोळीला कुणी गेलंय हे बघून ती मुद्दाम बंद करते.

डिसेंबरात पहाटे साडेपाचला दाराची बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावर पलीकडच्या घरात किचनची लाईन फुटली होती. गच्चीवरचा पट्टा बघून नऊ मिनिटांत पाणी बंद झालं. फूट सरळ पाईपावर होती, त्यामुळे ड्रॉवरमधला माझा क्लॅम्प दहा महिन्यांनी कामाला आला आणि थेंबही गळू न देता बसला. अजून तिकडेच आहे. परत मागायची सोय नाही, कारण पाईप बदलल्याशिवाय तो काढता यायचा नाही, आणि पाईप ते बदलणार नाहीत. इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे ना.