सीलँडची दोन फुटबॉल पथकं: उसना क्लब की जमवलेला संघ?

इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यापासून सुमारे 12 किलोमीटरवर दोन काँक्रीटच्या खांबांवर उभा असलेला, दुसऱ्या महायुद्धातला सागरी किल्ला म्हणजे सीलँड. 1967 मध्ये रॉय बेट्सने तिथे स्वतःचं राज्य जाहीर केलं. वरचा चौथरा जेमतेम 550 चौरस मीटरचा. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या मैदानाला किमान 100 गुणिले 64, म्हणजे 6,400 चौरस मीटर जागा लागते. त्यामुळे घरचा सामना नाहीच. मान्यता नाही, म्हणून फिफाही नाही.

पहिला मार्ग उसन्या क्लबचा. डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गजवळच्या वेस्टबियर्ग व्हिंटेज या प्रौढ खेळाडूंच्या क्लबने सीलँडचं नाव घेतलं आणि 2004 मध्ये फिनलंडच्या ओलँड बेटांच्या संघाशी 2–2 बरोबरी केली. यात फायदा रोकडा: अकरा जण आधीच एकमेकांना ओळखतात, सराव चालूच असतो. पण सगळा डोलारा एकाच क्लबच्या उत्साहावर उभा. तो ओसरला की संघ संपला.

दुसरा मार्ग 2012 चा. इकडून तिकडून खेळाडू गोळा केले; त्यात प्रीमियर लीग खेळलेला सायमन चार्लटन होता, अभिनेता राल्फ लिटलही. 5 मे रोजी इंग्लंडमधल्या गोडलमिंगला हिंदी महासागरातल्या शागोस बेटांच्या संघाने त्यांना 3–1 हरवलं. (शागोसवासीयांची भूमी हिरावलेली, सीलँडकडे एकदोन राखणदारांपलीकडे रहिवासीच नाहीत, अशी जोडी विरळाच.) नावं मोठी असली की बातमी होते, पण एकत्र सराव नसेल तर बचावफळी आधी उसवते.

एकच सामना गाजवायचा असेल तर दुसरा मार्ग बरा. वर्षानुवर्षं खेळायचं असेल तर पहिलाच, मात्र एकाऐवजी दोन क्लब हाताशी ठेवून.