दिएन बिएन फू: आधी टेकडी, संग्रहालय मागाहून

व्हिएतनाममधल्या या गावाच्या सहली बहुधा संग्रहालयापासून सुरू होतात, आणि घोळ तिथेच होतो. 13 मार्च ते 7 मे 1954 या 56 दिवसांत फ्रेंच इथे का हरले, हे खोऱ्याचा आकार एकदा डोळ्यांत बसल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे पहिला मुक्काम ए-वन टेकडीवर करावा. गावातच आहे, चढ किरकोळ.

वर गंजलेला फ्रेंच रणगाडा उभा आहे. असे दहा रणगाडे सुटे करून विमानाने आणले आणि इथे जोडले. त्याच्यापाशी उभं राहून चौफेर बघा: मधे सपाट भात खाचरं, सभोवती डोंगर. फ्रेंचांचा हिशेब असा, की शत्रूच्या तोफा डोंगरापलीकडे राहतील आणि पुढे आल्याच तर पहिल्या फैरीतच त्यांचा ठावठिकाणा कळेल. व्हिएत मिन्हने, म्हणजे फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या व्हिएतनामी स्वातंत्र्य चळवळीच्या सैन्याने, 105 मिमीच्या तोफा दोरखंडांनी ओढत आणल्या आणि खोऱ्याकडे तोंड असलेल्या उतारात खोदून आत बसवल्या. बाहेर दिसत होतं ते फक्त अरुंद भोक. हिम लामचं फ्रेंच ठाणं पहिल्याच रात्री पडलं, दॉक लापचं 15 तारखेला. फ्रेंच तोफखान्याचे प्रमुख कर्नल पिरोत यांनी हातबॉम्बने स्वतःला संपवलं. मार्च सरता सरता धावपट्टी बंद पडली. पुढचा सगळा पुरवठा पॅराशूटने, आणि ताब्यातला भाग आक्रसत गेला तसा त्यातला बराच माल पलीकडच्यांच्या हाती पडू लागला.

टेकडीवर दोन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. एक, जुन्या सरकारी बंगल्याचं तळघर. फ्रेंचांनी त्याचंच खंदकघर केलं, आणि 30 मार्चच्या हल्ल्यात टेकडी हाती न लागण्यामागे ते मोठं कारण होतं. दुसरी, स्फोटाचा खड्डा. वरून जमत नाही म्हटल्यावर व्हिएत मिन्हने टेकडीच्या पोटात भुयार खणलं, 960 किलो स्फोटकं ठासली आणि 6 मेच्या रात्री उडवली. दुसऱ्या दिवशी पहाटे टेकडी गेली, संध्याकाळपर्यंत तळही गेला.

तक्रार डागडुजीबद्दल आहे. चर सिमेंटचे केलेत, वाळूच्या पोत्यांचा आकारही सिमेंटचाच. पावसात माती ढासळते, हे मान्य. पण चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला चर काय असतो, याचा अंदाज इथे येत नाही. दुसरी अडचण नावांची. फ्रेंच नकाशावरचं एलिआन-2 म्हणजे इथलं ए-वन, बेआत्रिस म्हणजे हिम लाम, गाब्रिएल म्हणजे दॉक लाप. ही जोडी आधीच कागदावर लिहून न्या, नाहीतर दिवसभर गोंधळ.

फ्रेंच तळाचे प्रमुख द कास्त्री यांचं भूमिगत ठाणं साधारण 20 मीटर लांब, 8 मीटर रुंद. लोखंडी कमानींचं छत पाहायचं आणि निघायचं, फार वेळ लागत नाही.

मग संग्रहालय. गोल भिंतीवरचं 132 मीटर लांबीचं चित्र भव्य आहे, गर्दीही तिथेच. पण आपण थांबावं मालवाहू सायकलीपाशी. हँडलला बांबू बांधून लांब केलेलं, सीटच्या जागी दुसरा दांडा, आणि माणूस बाजूने चालत ती ढकलतो. चालवायची नाहीच. एका खेपेला 200 किलोंच्या वर माल. आघाडीवरचा तांदूळ आणि दारूगोळा बऱ्याच अंशी असाच पोचला.

वेळ असेल तर अर्धा दिवस मुओंग फांगला द्या. जंगलात व्हिएत मिन्हचे सेनापती जनरल जियाप यांची झोपडी आहे, आणि तिथून त्यांच्या चीफ ऑफ स्टाफच्या झोपडीपर्यंत 69 मीटरचं भुयार. 26 जानेवारीला ठरलेला हल्ला जियाप यांनी रद्द केला आणि ओढून आणलेल्या तोफा पुन्हा मागे ओढायला लावल्या. त्या माघारीत ‘तो विन्ह दिएन’ नावाचा सैनिक घसरत्या तोफेच्या चाकाखाली गेला.

त्याची कबर ए-वनसमोरच्या स्मशानभूमीत आहे. तिथे 644 कबरी, नाव असलेल्या मोजक्याच. परतताना थांबा, अर्धा तास पुरतो.