मटण स्ट्रीटवरची जुनी चिटं: आधी काळी रेघ बघा

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या सामानाच्या ढिगात चिटं, म्हणजे ठशांनी छापलेली फुलांची कापडं, अधूनमधून हाती लागतात. पलंगपोस, पडदे, रजाईच्या खोळी. शुक्रवारी जाऊ नका, जुनी दुकानं तेव्हा बंद असतात. माल चांगला निघाला तर आजच्या बहुतेक नव्या छपाईपेक्षा उजवा, यात शंका नाही. पण फुलांवर भाळून भाव ठरवू नका.

फुलाभोवतीची काळी रेघ गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या पाण्याने छापलेली असते. हरड्यात बुडवलेल्या कापडावर ती काळी उमटते आणि पुढे तेच लोह सूत आतून खात जातं. म्हणून लाल पाकळी धडधाकट आणि तिची कडा मात्र चाळणीसारखी झालेली, असे तुकडे बरेच दिसतात. कापड उजेडासमोर धरा. रेघेतून उजेड आरपार आला तर पडद्यासाठी ते बाद. अस्तरावर टाचून भिंतीवर लावणार असाल तरच घ्या, तेही पडत्या भावात.

निळी पानं हा दोष नव्हे. जुना हिरवा म्हणजे निळीवर चढवलेला पिवळा. उन्हात पिवळा उडतो, नीळ राहते. कुणी शंभर वर्षांचं म्हणून दाखवलं आणि पानं कोवळी हिरवीगार असली, तर सावध व्हा. लाल रंगावरून वय सांगणाऱ्यावरही विसंबू नका: कृत्रिम अलिझरिन, म्हणजे झाडाच्या मुळांऐवजी कारखान्यात बनवलेलं तेच लाल रंगद्रव्य, 1869 सालीच निघालं.

ठसा खरा की स्क्रीन (चौकटीतल्या जाळीतून रंग दाबून केलेली छपाई), हे काठाच्या कोपऱ्यात कळतं. तिथे छपाईवाल्याला ठसा वळवून बसवावा लागतो. जोड किंचित चढतो, तिथे रंग गडद होतो, कधी बारीक फट राहते. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, त्यामुळे रंग रेघेबाहेर सरकलेलाही दिसतो. सगळं काटेकोर जुळलं असेल तर स्क्रीनचा संशय घ्या.

घरी आणल्यावर लगेच धुऊ नका. ओला पांढरा कापूस प्रत्येक रंगावर दोन मिनिटं दाबून धरा. रंग लागला तर पाणी नाहीच. नाही लागला तर नायलॉनच्या जाळीवर पसरून साध्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, पिळू नका, सावलीत आडवं वाळवा. ब्लीच नको. खळही नको, खळीवर कसर येते. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलेलं कापड बुरशीने डागाळतं. धुतलेल्या मलमलीत गुंडाळी करून ठेवा. घडीच्या खुणेवरच ही कापडं आधी फाटतात, म्हणून दुकानात संपूर्ण उलगडून घडीच्या रेषा बोटांनी तपासा. पश्चिमेच्या खिडकीला मात्र हे कापड लावूच नका.

परदेशी नातेवाइकांना पाठवायचा विचार असेल तर वय आधी विचारा: 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरची पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.