घरची इलेक्ट्रिक भट्टी, दीड वर्ष वापरून झाल्यावर

आधीच सांगते, मातीची भांडी भाजायची ही भट्टी चांगली आहे, परत घ्यायची वेळ आली तर हीच घेईन, फक्त तिच्या डिस्प्लेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

वरून उघडणारी, साधारण 40 लिटरची, दोन थरांत दहा मग बसतात. सिंगल फेजवर चालते पण साडेतीन किलोवॅट ओढते, त्यामुळे तिच्यासाठी जाड वायरची वेगळी लाईन हवीच, एक्स्टेंशन बोर्डाचा विचारसुद्धा नको.

बिस्किट फायरिंग (ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, लावायच्या आधीची पहिली भाजणी) 1000 डिग्रीच्या आसपास, त्यात पहिल्या दिवसापासून काही तक्रार नाही. गडबड झाली ग्लेझच्या फायरिंगला. माती कोन सिक्सची (कोन म्हणजे ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा छोटा सुळका, सहा नंबरला पाचपेक्षा जास्त उष्णता लागते), म्हणून मी 1222 सेट केलं, भट्टीने 1222 दाखवलं आणि बंद झाली. उघडलं तर सगळे मग असे चमकत होते की मी हुरळून जाऊन लगेच वाटून टाकले. आठवड्याभराने मैत्रिणीचा फोन, अगं तुझा मग खालून ओला राहतो. मला वाटलं हिने नीट पुसला नसेल. मग माझ्याकडचा एक पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवला तर सकाळी खाली मस्त गोल डाग! म्हणजे ग्लेझ वितळलं होतं पण आतली माती पुरती भाजलीच नव्हती.

पुढच्या वेळी प्रत्येक शेल्फवर कोन ठेवले (जे आधीच करायला हवं होतं, माहितीये). वरचा सिक्स छान वाकलेला, खालचा ताठ उभा, तिथे फक्त पाच नंबर वाकला होता. थर्मोकपल (भट्टीतला तापमान मोजणारा सेन्सर, डिस्प्लेवर त्याचाच आकडा येतो) एका जागेचं आणि त्या क्षणाचं तापमान सांगतं, कोन मात्र तापमान आणि वेळ दोन्ही मिळून मातीला किती उष्णता लागली ते दाखवतो. 1222 हा आकडासुद्धा शेवटी तासाला 60 डिग्रीने चढवलं तरचा, मी तर दीडशेने पळवत होते. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, ग्लेझ चमकतंय ना मॅडम, मग झालं की. काय बोलणार.

आता शेवटचे 100 डिग्री हळू चढवते, वर पोचल्यावर पंधरा मिनिटं होल्ड (तेच तापमान धरून ठेवते), आणि खालच्या शेल्फवर भांडी विरळ. 400 ग्रॅमचा मग उकळून भिजवून वजन केला तर आधी 16 ग्रॅम पाणी प्यायचा, आता 6.

बाकी बारीकसारीक. थंड व्हायला रात्र जाते, घाईने झाकण उघडलं तर भांडी तडकतात, आणि झाकणाची मूठ इतकी तापते की हातमोज्याशिवाय हात लावायची सोय नाही, हे डिझाइन कोणी केलं देव जाणे. बिस्किटच्या वेळी वास आणि धूर येतो, बंद खोलीत चालवू नका. भट्टीवर कमाल 1280 लिहिलंय ते बरंच आहे, कमाल 1230 वाली कोन सिक्ससाठी घेतली तर ती कायम शेवटच्या टोकाला चालणार आणि कॉइल (आतल्या तापणाऱ्या तारा) लवकर जाणार. तरी माझ्याही कॉइल दमल्यात, जे फायरिंग नऊ तासांत व्हायचं त्याला आता अकरा लागतात, नवीन मागवल्यात पण तीन आठवडे झाले, अजून पत्ता नाही.